पेंढ्यापलीकडचा रस्ता

माळवस्ती, उर्से
१२ जानेवारी २०२५

प्रिय कौमुदी,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, सगळे खुशाल आहेत. खरं तर फोनच करणार होते. पण आमच्या घरातून फोनवर बोलायचं तर एक्सप्रेसवेच्या वरताण ओरडावं लागतं, आणि मला तुझ्याकडे माझ्या दिराची तक्रार करायची आहे. ती दिरासकट सगळ्या वस्तीनं ऐकली असती. डी.एड.ला असताना सुट्टीत आपण एकमेकींना लांबलचक पत्रं लिहायचो, तीच खोड पुन्हा लावून घेऊ.

तर तक्रार अशी. माझा धाकटा दीर अमृत टोलनाक्यावर कामाला आहे. त्याच्या दोन्ही मुली माझ्याच शाळेत, थोरली जिजा दुसरीत आणि धाकटी पहिलीत. त्यानं ठरवलंय की जूनपासून दोघींना व्हॅननं तळेगावच्या शाळेत पाठवायचं. मला तोंडावर म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. पन मी लय डाव खिडकीशी हुबा ऱ्हायलो. गाड्यांबिगर कायबी ऐकू आलं न्हाई. पोरी तितं काय शिकत्यात द्येवाला ठाऊक."

त्याचं खोटंही नाही. शाळेच्या अंगणाचं कुंपण संपलं की रस्ताच. टोल भरून सुटलेले ट्रक जो जोर धरतात तो नेमका आमच्या खिडकीसमोर. पण पुढचं ऐक. आमचा पट आधीच जेमतेम आहे. या दोघी गेल्या की बाकीची चार घरंही व्हॅनमागे जातील आणि शाळा बंद करून रस्त्यापलीकडच्या गावच्या शाळेत मिसळतील. ज्यांना व्हॅन परवडत नाही त्यांची सहा वर्षांची पोरं रस्त्याखालच्या बोगद्यातून जाणार, आणि पावसाळ्यात त्या बोगद्यात गुडघाभर पाणी असतं. कौमुदी, मला हे होऊ द्यायचं नाही.

तुझा भाऊ रुचिर आवाज मोजायच्या कामावर आहे ना? रस्त्याकडेला आवाज अडवणारी भिंत बांधतात म्हणे. ती मिळवायची कशी, एवढं विचारून कळव.

तुझी,
माधवी


लोणावळा
१९ जानेवारी २०२५

प्रिय माधवी,

रविवारी दुपारी लिहिते आहे, म्हणजे कुठल्या गोंगाटात ते समजून घे. भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग आमच्या फाटकासमोर अडकली आहे, आणि आपण हॉर्न वाजवला की रस्ता रुंद होतो अशी प्रत्येकाची समजूत आहे. शनिवार-रविवार आमच्याकडे लग्नघर असतं, फक्त जेवण मिळत नाही.

पण आज मी कुणालाही शिव्या देणार नाही, कारण बातमीच तशी आहे. रुचिरच्या कंपनीकडे याच महिन्यात रस्त्याकडेच्या शाळा आणि दवाखान्यांपाशी आवाज मोजायचं काम आलं आहे. ते आकडे खात्याकडे जाणार आणि त्यावरून भिंत कुठे बांधायची ते ठरणार. मी त्याच्यामागे हात धुऊन लागले आणि तुमच्या शाळेचं नाव यादीत घालून घेतलं. शाळेजवळ दिवसा आवाज पन्नास डेसिबलच्या आत हवा असा नियम आहे. तुझ्या अंगणात तो कधीच कुंपण ओलांडून गेला असणार. म्हणजे भिंत आलीच समज. हे कळल्यापासून मी घरात नुसती येरझाऱ्या घालते आहे.

रुचिर सध्या खोपोलीच्या कामात आहे, म्हणून त्याचे साहेब येतील, महिनाअखेरीस. तुला काहीही करायचं नाही. ते यंत्र मांडतील, आकडे घेतील आणि जातील. नेहमीसारखी शाळा भरव, बस. आणि साहेब गेले की लगेच सगळं सविस्तर लिही.

तुझी,
कौमुदी


माळवस्ती, उर्से
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय कौमुदी,

काय सांगू तुला, मोजणी अशी झाली की मागच्या वर्षीची स्वच्छ वस्तीची तपासणी यापुढे फिकी पडावी. त्या तपासणीत आम्ही तालुक्यात पहिले आलो होतो हे तुला माहीत आहेच, दहा वेळा सांगितलंय मी. साहेब येणार म्हटल्यावर माझे सासरे आबा चावडीवर उभे राहून म्हणाले, "तपासनी म्हंजी तपासनी. कुटंबी काय कमी दिसाया नगं. साहेब आवाज मोजाया येनार हायती, तवा कुनी आवाज करायचा न्हाई." आबांचा शब्द, मग काय. गिरणी बंद. ट्रॅक्टर जागच्या जागी. कोंबड्या डालल्या. अमृतला ही सगळी धावपळ फुकटची वाटत होती, तरी त्यानंसुद्धा नाक्यावरच्या ओळखीच्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं की आज आमच्या वस्तीपाशी हॉर्न मारू नका. माझी पोरं तोंडावर बोट ठेवून अशी बसली होती की मलाच धाकधूक झाली.

साहेब फार साधे निघाले. यंत्र तीन पायांवर उभं राहतं आणि त्याच्या डोक्यावर काळ्या स्पंजचा गोंडा असतो. ते पोरांना इतकं आवडलं की काही विचारू नकोस. साहेबांनी ते रस्त्याकडेच्या अंगणात उघडलं, तर आबा मध्ये पडले. "हितं उनात नगा मांडू, साहेब. धूळ लय. म्हागाचं यंत्र हाय, बिगडायचं." आणि त्यांना हाताला धरून शाळेच्या मागं घेऊन गेले. तिथं आमच्या भाताच्या पेंढ्याची मोठी गंजी आहे, तिच्या आडोशाला आंब्याची सावली पडते, वाराही छान लागतो. साहेब म्हणाले, जागा शाळेलगतच आहे, चालेल. तिथंच यंत्र मांडलं, तिथंच खुर्च्या टाकल्या, तिथंच जेवण. इंद्रायणीचा भात, चुलीवरची आमटी आणि शेजारच्या कस्तुराबाईंच्या हातचं वांगं. साहेबांनी आमटी दोनदा मागून घेतली.

आणि निघताना ते काय म्हणाले माहिताय? "खरंच, तुमची वस्ती फार शांत आहे हो." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी त्यांना नारळ दिला आणि टोपी घातली. आता भिंत कधी येते ते सांग.

तुझी,
माधवी


लोणावळा
६ फेब्रुवारी २०२५

माधवी, माधवी,

तुमची वस्ती शांत आहे असं सांगायला त्या माणसाला इथून तिथवर पाठवलं होतं का आपण? आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. अगं वेडाबाई, ही परीक्षा नापास होण्यासाठी होती. जितके नापास, तितकी भिंत जवळ. तुम्ही कोंबड्या डालून पहिल्या वर्गात पास झालात.

मी पत्र वाचून आधी कपाळावर हात मारला, मग रुचिरला वाचून दाखवलं. तो जमिनीवर बसून हसला. हसून झाल्यावर त्याचं तोंड उतरलं, कारण अहवाल खात्याकडे गेलासुद्धा. मी त्याला म्हटलं, अरे तुझे साहेब तरी कसे, शाळा रस्त्याला आणि यंत्र आंब्याखाली? तर म्हणे, साहेबांना त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती आणि आबांना नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. तुझ्या आबांना नाही म्हणणं मलाही जमलं नसतं, पण आत्ता मला त्यांचा राग आला आहे. तुझाही आला आहे. नेहमीसारखी शाळा भरव असं मी लिहिलं होतं ना गं?

उत्तर आलं की कळव.

कौमुदी


माळवस्ती, उर्से
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय कौमुदी,

उत्तर आलं. आवाज मर्यादेपेक्षा किरकोळ जास्त, भिंतीची आवश्यकता नाही.

आबांना मी समजावून सांगितलं. त्यांना ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर ते उठून बांधावर जाऊन बसले. शाळेला जागा त्यांनीच दिली आहे गं, कुणी मागितली नव्हती तेव्हा. जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "मीच घात केला म्हनायचा." मी नाही म्हटलं, पण मनात रागही होता आणि तो मी लपवला नाही.

अमृत व्हॅनवाल्याला घेऊन आला आणि ओसरीवर त्याला चहा पाजला.

माधवी


लोणावळा
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय माधवी,

बस आधी. आबांना बांधावरून बोलाव आणि त्यांनाही हे वाचून दाखव.

रुचिरनं शनिवारी साहेबांच्या यंत्रातले सगळे आकडे पुन्हा उघडून पाहिले. साहेबांनी यंत्र आधी अंगणात उघडलं होतं असं तूच लिहिलंस. तेव्हा ते सुरूही केलं होतं, आणि तो आकडा यंत्रात राहिला आहे. थोडाच वेळ घेतलेला, म्हणून अहवालात धरला नाही. पण तो सत्तरच्या वर आहे, आणि आंब्याखालचा पन्नासच्या जरासा पुढे. एकाच शाळेच्या पुढे आणि मागे एवढा फरक. थोडा अंतराचा, थोडा शाळेच्या इमारतीचा, पण रुचिर म्हणतो तेवढ्यानं भागत नाही. मध्ये आणखी काहीतरी आवाज खातंय. काय होतं मध्ये? तुमची गंजी.

मी रुचिरला म्हटलं, मला खात्री करून दे. म्हणून रविवारी सकाळी आम्ही घरातल्या सगळ्या गाद्या फाटकाशी एकावर एक रचल्या आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे मोजलं. फरक पडला, माधवी, चांगला पडला. तेवढ्यात तीन गाड्या थांबल्या आणि गाद्या बघून विचारायला लागल्या की रूम कितीला आहे. एका बाईंनी तर गरम पाणी मिळेल का तेही विचारलं.

आता नीट ऐक. पेंढा रस्त्याकडच्या कुंपणालगत खिडकीच्या वर जाईल इतका उंच रचायचा, शाळेच्या लांबीभर. मधे फट ठेवायची नाही. रुचिर स्वतः येईल. आधी भिंतीशिवाय मोजेल, अंगणात आणि वर्गात. मग पेंढा रचल्यावर मोजेल. भिंत नसताना इतका आणि साध्या पेंढ्याची असताना इतका, असे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून खात्याकडे पुन्हा मोजणीचा अर्ज करता येतो. त्यानं साहेबांची परवानगीही काढली. साहेब म्हणाले, त्या आबांना नमस्कार सांगा आणि या वेळी जेवायच्या आधी मोजा.

आग मात्र सांभाळा. पाण्याची पिंपं ठेवा, आणि विडी ओढणाऱ्याला जवळ फिरकू देऊ नका.

माझा आनंद माझ्यात मावत नाहीये.

तुझी,
कौमुदी


माळवस्ती, उर्से
९ मार्च २०२५

प्रिय कौमुदी,

तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. गाद्यांपाशी ते खुदकन हसले, कितीतरी दिवसांनी हसले. मग उठून कोपरी चढवली आणि म्हणाले, "चल, अमृतला गाठू."

कारण अडचण अमृतचीच होती. गंजी त्यानं एका गोठेवाल्याला कबूल केली होती. तो ऐकेना. "पोरांच्या शाळंला पेंढ्याची भित? लोक हसत्याल." आबांचा आवाज चढला, त्याचा चढला, बाहेर ट्रकांचा होताच, आणि घरात कोण कुणाला काय म्हणतंय हे कुणालाच कळेना. शेवटी मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. म्हटलं, भाऊजी, गोठेवाला तसाही पावसाआधी नेणार ना? मेअखेरपर्यंत गंजी मागं आहे ती पुढं राहू दे. तोवर तुमच्या पोरींना काही येत नाही असं दिसलं, तर मी स्वतः त्यांना व्हॅनमध्ये बसवीन.

हे मी काय बोलून बसले ते नंतर कळलं. अमृतनं मात्र ते पक्कं धरलं. म्हणाला, "वहिनी, शब्द हाय का?" मी म्हटलं, आहे.

येत्या बुधवारी रुचिर येतोय. वस्तीला मी बजावलंय की काहीही लपवायचं नाही. तर आबांचा नवीन बेत, या खेपेला सगळे ट्रॅक्टर सुरू करून ठेवू आणि अंबाजीचा डीजे आणू, म्हणजे सपशेल नापास होऊ. मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, आबा, गिरणी गिरणीसारखी चालू द्या, कोंबड्या कोंबड्यांसारख्या ओरडू द्या, आणि आपण घरी बसू. ते हिरमुसले, पण कबूल झाले. जेवण मात्र देणारच म्हणाले, मोजून झाल्यावर.

बुधवारी काय झालं ते तुला रुचिरच सांगेल.

तुझी,
माधवी


लोणावळा
१६ मार्च २०२५

प्रिय माधवी,

रुचिर तुमच्याकडून आला तो वांग्याची स्तुती करत आला. आकडे हवे तसेच आले आहेत. अंगणात सत्तरच्या पुष्कळ वर, आता कुणी त्याला शांत म्हणू शकणार नाही. लवकर रचायला घ्या.

पण एक गोष्ट त्यानं तुला तिथं सांगितली नाही. मला सांगितली आणि म्हणाला, ताई, तूच लिही.

त्यानं वर्गात तुझ्या टेबलावर यंत्र ठेवलं होतं ना, आणि तू शिकवत होतीस. त्या तासाभरात वर्गातला सगळ्यात मोठा आकडा कुठल्या ट्रकचा नाही. तो तुझा आहे. तू पाढे म्हणून घेत होतीस तेव्हाचा. त्यानं दोनदा ताडून पाहिलं. जितक्यांदा ट्रक येतो तितक्यांदा तू त्याच्या वर जातेस, आणि ट्रक गेल्यावरही खाली येत नाहीस.

मी आधी हसले. म्हटलं, आमची माधवी ट्रकला हरवते. मग हसू पार पुसून गेलं. वसतिगृहात तुझ्या शेजारच्या खाटेवर मी होते. तू बोलायला लागलीस की मला उठून तुझ्या खाटेवर येऊन बसावं लागायचं, इतकं तुझं बोलणं हळू. कविता म्हणायला उभी राहिलीस की मागच्या मुली ओरडायच्या, ऐकू येत नाही. त्या तुला वर्षानुवर्षं रोज ट्रकवर ओरडावं लागतंय आणि मी इथं बसून चार हॉर्नची रड गाते आहे. मला वाईट वाटलं, माधवी, फार वाईट वाटलं. तू घशाबद्दल मला कधी एक अक्षर लिहिलं नाहीस.

पेंढा रचून झाला की लगेच कळव. मी वाट बघते आहे.

तुझी,
कौमुदी


माळवस्ती, उर्से
६ एप्रिल २०२५

प्रिय कौमुदी,

बातमी आधी सांगते, नाहीतर तू पानं उलटत शेवटाकडे पळशील. व्हॅन रद्द. दोन्ही मुली माझ्याकडेच राहणार. आता कसं ते ऐक.

तुझं मागचं पत्र वाचून मी चूल पेटवायची विसरले. घशाचं लिहिलं नाही कारण मला ठाऊकच नव्हतं गं. मला वाटायचं माझं बोलणं आहेच असं, लग्नानंतर बदललं असेल.

पेंढा रचायला अख्खी वस्ती लोटली. आमच्या बचत गटाच्या बायका पेंड्या उचलून देत होत्या, पुरुष बांबू रोवून रचत होते, आणि आबा खुर्चीत बसून, "आरं दाबून बसव, ढिली ऱ्हाईली," असं दिवसभर ओरडत होते. गुडघ्यांमुळे दोन वर्षं त्यांना गंजीवर चढता आलेलं नाही. या वेळी कुणी पाठ फिरवली की चढायला बघायचे. वरून हिरवी जाळी बांधली, चारही कोपऱ्यांना पाण्याची पिंपं ठेवली. विडी ओढायला आबा आता पार देवळापर्यंत जातात.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "पुस्तकं काढा." पोरं दचकली. पहिलीतल्या धाकट्यांनी चक्क कानांवर हात ठेवले. मी परत म्हटलं, हळू. तरी पुस्तकं निघाली. मग आणखी हळू म्हटलं, नुसतं बघायला, आणि तरीही मागच्या ओळीतली रखमाजीची नात मान हलवत होती. रस्ता गेला नव्हता, तो पेंढ्यापलीकडे घूं घूं करत होता, पण त्याच्या वर जावं लागत नव्हतं. मला इतका आनंद झाला की फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरले होते. पोरांना वाटलं मी तारीख लिहितेय.

रुचिर येऊन दुसरी मोजणी करून गेला. पन्नासच्या आत काही आलेलं नाही, पण फरक मोठा आहे. दोन्ही आकडे खात्याकडे गेले आणि पुन्हा मोजणी मंजूर झाली. पक्की भिंत मिळेल की नाही ते अजून ठाऊक नाही. पण अर्ज कसा करतात ते आता सगळ्या वस्तीला पाठ आहे.

आता अमृतचं. परवा तो पाळी संपवून घरी चालला होता. जाळी वाऱ्यानं सुटली होती, ती बांधायला थांबला. रस्त्याच्या बाजूनं बांधली, मग आतल्या बाजूनं बांधायला अंगणात आला. मी त्याला पाहिलं नव्हतं. वर्गात वाचन चाललं होतं, कोल्हा विहिरीत पडतो तो धडा. मी लक्ष पुस्तकात घालून बसले होते. मान वर केली तर खिडकीच्या गजांना धरून अमृत उभा.

त्यानं मला खुणेनं विचारलं, कोण? वाचणारं खिडकीखालच्या भिंतीआड होतं, त्याला तिथून दिसत नव्हतं. मी बाहेर गेले.

"वहिनी, कोन वाचतंय?"

"जिजा."

"आमची?"

"हो, तुमचीच."

तो ऐकत राहिला. जिजा अडखळली, ते वाक्य तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि पार केलं. अमृतचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"कवापास्नं वाचती ही?"

"दिवाळीच्या आधीपासून वाचते, भाऊजी. या खिडकीजवळच्याच बाकावर बसून."

त्यानं चपला पायरीशी काढल्या आणि तो वर्गात गेला, तसाच, नाक्यावरच्या कपड्यांत. पोरं उठून उभी राहिली. जिजाचं वाचणं थांबलं. तिला वाटलं काहीतरी चुकलं, तिनं पुस्तक पाठीमागं घेतलं. अमृत तिच्यासमोर खाली जमिनीवर मांडी घालून बसला.

"पुन्यांदा वाच, जिजे," तो म्हणाला. "पैल्यापास्नं. मी हितंच बसलोय."

तुझी,
माधवी